उथळ पाण्यातील बुडालेल्या जहाजावर डाइव्हिंग: अर्ज नेमका कुठे अडतो

गोव्यात ग्रँड आयलंडजवळ उथळ पाण्यात असलेले ‘सुझीज रेक’ हे बुडालेले जहाज पाहण्यासाठी बडोद्याहून जाणाऱ्यांपैकी काही जण सुटी टाकून, पैसे भरून पोहोचतात आणि बोटीत न चढताच परततात. कारण बहुधा एकच असते, वैद्यकीय फॉर्म.

पात्रता साधी आहे. नवशिक्याचे वय किमान १० वर्षे हवे. त्याला प्रशिक्षकासोबत १२ मीटरपर्यंत, तर ‘ओपन वॉटर’ हे डाइव्हिंगचे प्राथमिक प्रमाणपत्र असलेल्या प्रौढाला १८ मीटरपर्यंत उतरता येते. ओळखपत्र लागते. अल्पवयीन मुलासाठी आईवडिलांची किंवा कायदेशीर पालकाची सही लागते, सोबत आलेल्या मामाची चालत नाही.

वैद्यकीय फॉर्ममध्ये दहा प्रश्न असतात. सर्व उत्तरे ‘नाही’ असल्यास डॉक्टरांची गरज नाही. तिसऱ्या (शारीरिक क्षमता), पाचव्या (वर्षभरातील शस्त्रक्रिया किंवा तिचा उरलेला त्रास) किंवा दहाव्या (डॉक्टरांनी दिलेली चालू औषधे) प्रश्नाला ‘होय’ म्हटले, की त्याच फॉर्मच्या शेवटच्या पानावर डॉक्टरांची सही आवश्यक ठरते. म्हणजे रक्तदाबाची रोजची एक गोळीसुद्धा पुरते. वय ४५ च्या वर असल्यास आणखी प्रश्न विचारले जातात. दांडिया बाजारातल्या ओळखीच्या डॉक्टरांनी लेटरहेडवर, सहीवर शिक्का मारून दिलेले ‘शारीरिकदृष्ट्या सक्षम’ हे नोकरीछाप प्रमाणपत्र येथे निरुपयोगी असते, आणि ही साधी गोष्ट आगाऊ रक्कम घेताना कोणी सांगत नाही. म्हणून फॉर्म आधीच मागवून, छापून डॉक्टरांकडे न्यावा.

किनाऱ्यावर ‘होय’ खोडून ‘नाही’ लिहिणारेही भेटतात. ‘पाणी उथळच तर आहे’ हा त्यांचा युक्तिवाद उलटा आहे. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, त्यामुळे तेथून वर येताना फुप्फुसातली हवा दुप्पट जागा मागते; दम्यामुळे ती अडकली तर जिवावर बेतते, आणि हा फरक याच थरात सर्वाधिक असतो.

जहाजावरचे काहीही उचलू नये. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याच्या कक्षेत येतात.

परतीच्या विमानाची वेळ सर्रास चुकीची मोजली जाते. एकाहून अधिक डाइव्ह केल्यास शेवटच्या वेळी पाण्याबाहेर आल्यापासून उड्डाणापर्यंत किमान १८ तास जावे लागतात. सकाळी डाइव्ह आणि संध्याकाळी विमान हे जमत नाही. कोकण रेल्वेने मडगावहून बडोद्याला येणाऱ्यास ही अडचण नाही.