वाटीभर फोडी म्हणजे नेमके किती ग्रॅम?

एप्रिल-मे महिन्यांत दादरच्या बाजारातून कैऱ्या घरी आल्या की साखरांब्याचं प्रमाण विचारलं जातं आणि आजीचं उत्तर ठरलेलं असतं: वाटीला वाटी, म्हणजे वाटीभर फोडींना वाटीभर साखर. आता स्वयंपाकघरात वजनकाटा आलाय, म्हणून पुढचा प्रश्न येतो: वाटी म्हणजे किती ग्रॅम? याचं एकच उत्तर का देता येत नाही, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

आपली जुनी मापं धान्याची. दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे एक शेर, चार शेरांची पायली. शेर दोन होते, मापी आणि वजनी. ८० तोळ्यांचा वजनी शेर साधारण ९३३ ग्रॅमचा. मापी शेराचं वजन मात्र आत तांदूळ आहे की बाजरी, यावर ठरायचं. हे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे मापाचं वजन करत बसायची गरज पडत नसे. धान्य ओतलं की मापात आपोआप बसतं. माप शिगेनं भरायचं की सपाट, एवढं आधी बोलून घेतलं की झालं.

फळ असं बसत नाही, आणि म्हणूनच बाजारात ते मापानं विकलं जात नव्हतं, असं माझं मत आहे. आंबा डझनावर, शेकड्यावर, पेटीवर. करवंदं-जांभळं वाट्यावर, म्हणजे लहान ढिगावर, नाहीतर पानाच्या द्रोणात. क्रॉफर्ड मार्केट उभं राहिलं १८६९ मध्ये. तिथेही फळ मोजायचं किंवा तोलायचं. ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजनं टप्प्याटप्प्यानं लागू झाली, १९६२ पर्यंत ती सक्तीची झाली आणि शेर-पायली मुंबईच्या व्यवहारातून गेली. आमच्या घरातलं पितळी मापटं तेवढं तांदळाच्या डब्यात राहिलं. त्याच्या काठाला पोचा आहे, तरी रोजचा भात अजून त्यानंच मोजला जातो.

फळं कपानं मोजायची पद्धत पक्की झाली ती अमेरिकेत. फॅनी फार्मर यांच्या १८९६ च्या बॉस्टनमधल्या पाककृतींच्या पुस्तकानं सपाट भरलेल्या कपाचा आग्रह धरला आणि तो तिकडे रूढ झाला. तिकडचा कप सुमारे २३७ मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियाचा २५०, जपानचा २००. केक-जॅमच्या पाककृतींबरोबर हे कप आपल्याकडे आले आणि वाटीच्या शेजारी जाऊन बसले. वाटीला तर ठरलेलं आकारमानच नाही.

अडचण एवढ्यावर संपत नाही. स्ट्रॉबेरी घ्या. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यात एक कप अख्खी स्ट्रॉबेरी १४४ ग्रॅम, अर्ध्या केलेल्या १५२, चकत्या १६६ आणि गर २३२. फळ तेच, कप तोच. अख्ख्या फळांमध्ये हवा राहते. गोल वस्तू नुसत्या ओतल्या तर साधारण साठ टक्के जागाच भरते. फळाची घनता पाण्याच्या जवळपास असते, त्यामुळे कप ढोबळ २४० मिलिलिटरचा धरला तर त्याच्या साठ टक्के, म्हणजे १४४. गरात हवा उरत नाही, तो जवळजवळ पाण्याइतका भरतो. म्हणून फळाचं कपातलं प्रमाण ग्रॅममध्ये लिहिताना फळाच्या नावाआधी ते अख्खं, चिरलेलं, किसलेलं की कुस्करलेलं, हे लिहायलाच हवं. मी तर दाबून भरलं की मोकळं, तेही लिहिते. बेदाण्याचा कप मोकळा १४५ ग्रॅम, दाबून १६५.

आता वाटीला वाटी. पिकल्या आंब्याच्या फोडी कपाला १६५ ग्रॅम, आणि कैरीच्याही त्याच्या आसपासच भरतात. साखर मात्र २००. म्हणजे ज्याला आपण समसमान म्हणतो, त्यात साखर वजनानं सुमारे सव्वापट पडते, आणि साखरांबा वर्षभर टिकतो त्यात या जास्तीच्या साखरेचा वाटा मोठा. काट्यावर अर्धा किलो फोडींना अर्धाच किलो साखर घातली, तर ते आजीचं प्रमाण नव्हे. तिच्या हिशेबानं सहाशे ग्रॅम लागेल.