धडधडीपासून काळी पाचपर्यंत

नागपुरात गाडीवेड्यांना स्वप्नातली गाडी विचारली, की उत्तरावरून वय ओळखता येतं. साठीकडे झुकलेला माणूस बुलेट किंवा येझदी म्हणतो, चाळिशीतला यामाहाची आरएक्स १०० म्हणतो. इंजिनीअरिंगला असलेला पोरगा केटीएमच्या ड्यूक ३९० पासून सुरू करतो आणि बीएमडब्ल्यूच्या एस १००० आरआरपर्यंत जाऊन थांबतो. रविवारी सकाळी फुटाळा तलावावर किंवा तर्री पोह्याच्या ठेल्याजवळ हे वाद रंगतात आणि प्रत्येकाला आपलंच खरं वाटतं. मला हे सगळेच बरोबर वाटतात. या गाड्यांचा स्वभाव ज्या मापाने ठरतो, ते माप मात्र फारसं कुणी विचारत नाही. पिस्टन सिलिंडरमध्ये किती अंतर वर-खाली जातो ते माप, म्हणजे स्ट्रोक.

जुनी ओतीव लोखंडी इंजिनाची ३५० बुलेट घ्या. मद्रासमध्ये एनफिल्ड इंडिया १९५५ साली उभी राहिली, तेव्हापासूनचं हे घराणं. सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर, स्ट्रोक ९० मिलिमीटर. म्हणजे सिलिंडर अरुंद आणि उंच. पिस्टनला लांबचा पल्ला असल्यामुळे इंजिन सावकाश फिरतं, आणि क्रँकवरची, म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल फिरतीत बदलणाऱ्या दांड्यावरची, जड चाकं त्याला फिरतं ठेवतात. उभ्या गाडीत इंजिन मिनिटाला साधारण ९०० फेरे घेतं. चार स्ट्रोकच्या इंजिनात (इथे स्ट्रोक म्हणजे पिस्टनची वर किंवा खाली एक चाल) दर दोन फेऱ्यांना एकदाच पेट्रोल पेटतं, म्हणून सेकंदाला सात-आठ ठोके होतात. सेकंदाला वीसच्या आत ठोके असले की कानाला ते सुटे ऐकू येतात. ज्या धडधडीवर लोक जीव टाकतात, ती हीच.

या गाडीची किक म्हणजे विज्ञानाचा एक छोटा तासच आहे. चावी फिरवली, की अँपिअर मीटरचा काटा एका बाजूला झुकतो, कारण पॉइंट, म्हणजे ठिणगीची वेळ ठरवणारं विजेचं बटण, मिटलेले असले की बॅटरीची वीज कॉईलमधून वाहत असते. मग किक पायाने हळूहळू दाबत जायची. काटा झटक्यात मध्यावर आला, की पॉइंट उघडले आणि पिस्टन दाबाच्या टोकाशी पोचला. तिथे डिकॉम्प्रेशनचा लिव्हर ओढायचा, सिलिंडरातली हवा फुस्स करून जाऊ द्यायची आणि पिस्टन टोकाच्या किंचित पुढे सरकवायचा. लिव्हर सोडायचा, किक वर घ्यायची आणि अंगाचं सगळं वजन टाकून एकच दणका द्यायचा. आता पुढचा दाब यायला जवळजवळ दोन फेरे आहेत. तेवढ्यात जड चाकं वेग धरतात आणि तो दाब सहज पार करतात. हे न करता अर्धवट जोर लावला, तर पिस्टन टोकाला पोचायच्या आधीच ठिणगी पडते, स्फोट पिस्टनला मागे ढकलतो आणि किक नडगीवर येते. गॅरेजमधला मिस्त्री नव्या पोराला ओरडतो, "काटा पाय ना बे पयले! पायाले लागन." त्या एका वाक्यात प्रज्वलनाचं सगळं गणित आलं.

आता एस १००० आरआर. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ८० मिलिमीटर आणि स्ट्रोक अवघा ४९.७ मिलिमीटर. हे इंजिन मिनिटाला १४,६०० फेऱ्यांपर्यंत जातं. स्ट्रोक इतका आखूड का? एका फेऱ्यात पिस्टन एकदा वर आणि एकदा खाली जातो, म्हणून स्ट्रोकची दुप्पट करून सेकंदाच्या फेऱ्यांनी गुणलं, की पिस्टनचा सरासरी वेग मिळतो. बुलेट ५,६२५ फेऱ्यांवर आपली १८ अश्वशक्ती देते, तेव्हा हा वेग सेकंदाला १७ मीटर होतो. बीएमडब्ल्यूचा १४,६०० फेऱ्यांवर सुमारे २४ मीटर येतो. फेरे अडीच पटीहून जास्त, पण पिस्टनचा वेग दीडपटही नाही! रस्त्यावरच्या इंजिनांना पंचवीसेक मीटरच्या पुढे फारसं जाता येत नाही. बुलेटचा ९० मिलिमीटरचा स्ट्रोक तेवढ्याच फेऱ्यांनी पळवला असता, तर पिस्टन ४४ मीटरच्या वेगाने धावला असता आणि पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचे तुकडे झाले असते. पिस्टनला प्रत्येक टोकाला थांबून उलट फिरावं लागतं, खरा ताण त्या क्षणाचा असतो. बीएमडब्ल्यूत तिथे पिस्टनवर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे सात हजार पट त्वरण येतं, बुलेटमध्ये साधारण दोन हजार पट. आखूड स्ट्रोकच्या जोडीला रुंद सिलिंडर मिळतो आणि त्यात हवा आत आणि धूर बाहेर सोडणारे मोठे व्हॉल्व्ह मावतात, म्हणून इंजिनाला इतक्या घाईतही पुरेसा श्वास घेता येतो.

मग आवाजाचं काय होतं? चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन स्फोट. १४,००० फेऱ्यांवर सेकंदाला ४६७ होतात. इथे ठोके सुटे राहत नाहीत, त्यांचा सूर होतो, आणि हा सूर पेटीवरच्या काळी पाचला जवळजवळ तंतोतंत जुळतो. एकाला धडधड आवडते, दुसऱ्याला किंकाळी आवडते, आणि दोघंही खरं तर स्ट्रोकच ऐकत असतात. या समान सुराला तडा देणारी इंजिनंही आहेत. यामाहाने २००९ च्या आर१ मध्ये क्रँकवर पिस्टन जोडायचे सांधे एकमेकांशी काटकोनात ठेवले, त्यामुळे स्फोटांमधलं अंतर असमान झालं आणि आवाजाला घोगरेपणा आला. मला स्वतःला हा आवाज सगळ्यांत देखणा वाटतो.

कॉलेजातल्या पोरांची ड्यूक ३९० या दोन टोकांच्या मधली. पुण्याजवळच्या चाकणला बनते. २०२३ पर्यंतच्या गाडीत ८९ मिलिमीटर व्यास, ६० मिलिमीटर स्ट्रोक, ३७३ सीसी, आणि ९,००० फेऱ्यांवर ४३ अश्वशक्ती. जवळपास बुलेटएवढ्याच इंजिनातून ताकद सुमारे २.४ पट. त्यातली १.६ पट वाढत्या फेऱ्यांची, उरलेली दीडपट चांगल्या श्वासाची आणि जास्त दाबाची.

आरएक्स १०० चं प्रकरण वेगळं. १९८५ ते १९९६ एवढीच तिची भारतातली कारकीर्द, पण आजही चांगली गाडी निघाली की लोक रांग लावतात. व्यास ५० मिलिमीटर, स्ट्रोकही ५०, इंजिन ९८ सीसी, आणि ११ अश्वशक्ती. टू-स्ट्रोकमध्ये दर फेऱ्याला स्फोट होतो, हे एक कारण. दुसरं कारण सायलेन्सरमध्ये दडलेलं आहे. टू-स्ट्रोकला एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह नसतो, नुसतं छिद्र असतं, आणि ते उघडं असताना ताजं मिश्रणही धुराबरोबर निसटू पाहतं. स्फोटाची दाबलहर सायलेन्सरमध्ये शिरते, आतल्या निमुळत्या भागावर आपटून परत येते आणि निसटणारं मिश्रण छिद्र बंद व्हायच्या आत सिलिंडरात ढकलते. हे वेळेवर घडायला हवं. ७,५०० फेऱ्यांवर एका फेऱ्याला आठ मिलिसेकंद लागतात. छिद्र साधारण अर्धा फेरा, म्हणजे चार मिलिसेकंद उघडं असतं. गरम धुरात ध्वनी सेकंदाला पाचशे मीटरच्या आसपास जातो, म्हणजे तेवढ्या वेळात दोन मीटर. जाऊन-येऊन दोन मीटर, तेव्हा नळी मीटरभराची हवी. सायलेन्सरची लांबी या हिशेबातून येते. ठरावीक फेऱ्यांवर लहर वेळेत पोचू लागते आणि गाडी एकदम उसळते. म्हणून आवाजासाठी सायलेन्सर कापून घेणाऱ्यांचं मला मनापासून वाईट वाटतं. ते इंजिनाचाच एक भाग कापून टाकतात.

वेगवेड्यांसाठी थोडंसं. हवेचा विरोध मोडायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. जुनी ३५० बुलेट १८ अश्वशक्तीत ताशी ११० च्या आसपास जाते. १९९९ ची सुझुकी हायाबुसा ताशी ३०० गाठायची, म्हणजे २.७ पट वेग. घनाच्या हिशेबाने त्याला वीसपट ताकद हवी, पण तिच्यात होती साधारण १७५ अश्वशक्ती, म्हणजे दहापटच. उरलेला निम्मा भार तिच्या गोलाकार फेअरिंगने, म्हणजे पुढच्या आवरणाने, वाचवला.

हे सगळं नागपूरच्या मे महिन्यात आणलं, की कागदावरचे आकडे हलतात. पारा ४५ वर असताना हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा जवळजवळ दहा टक्के विरळ होते, म्हणजे प्रत्येक श्वासात तेवढा प्राणवायू कमी. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाचं दुखणं यापेक्षा मोठं आहे. फिन्सचा, म्हणजे इंजिनावरच्या पातळ पट्ट्यांचा, पृष्ठभाग समजा १५० अंशांवर आहे. बाहेर १५ अंश असताना फरक १३५, बाहेर ४५ असताना १०५. उष्णता या फरकाच्या प्रमाणात बाहेर जाते, म्हणजे वीस टक्क्यांहून जास्त घट. त्यात सीताबर्डीच्या सिग्नलला उभं राहिलात, की वाराही बंद. पाण्याने थंड होणाऱ्या गाडीला रेडिएटरचा पंखा वाचवतो, पण ती उष्णता थेट चालवणाऱ्याच्या मांड्यांवर येते. दुपारी दोनला वर्धा रोडवर सुपरबाईक काढणाऱ्याला हे सांगावं लागत नाही.

जुन्या गाड्या जपणाऱ्यांसमोर आता नवा प्रश्न पंपावर उभा आहे. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलं आहे. एक किलो पेट्रोल नीट जळायला १४.७ किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला फक्त ९. मिश्रणाला साधारण साडेतेरा. हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरला हे कळत नाही, तो जेटच्या छिद्रातून पूर्वीइतकंच इंधन सोडतो, आणि मिश्रण सुमारे आठ टक्के पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. नव्या गाडीचा ऑक्सिजन सेन्सर ही चूक ओळखतो आणि इंजेक्टरकडून जास्त इंधन मागून घेतो. मेमध्ये विरळ हवेमुळे कार्बोरेटरचं मिश्रण आपोआप चार-पाच टक्के घट्ट होतं, तेव्हा निम्मी तूट भरून निघते. थंडीत उलट घडतं. डिसेंबरच्या पहाटे काटोल रोडला निघालेली आरएक्स किंवा बुलेट फटफट करत झटके देत असेल, तर प्लगचं टोक पाहा. ते पांढरट दिसलं, तर मेन जेट एका नंबराने मोठा टाकून बघावा, आणि त्याच वेळी पेट्रोलची रबरी नळीही बदलून घ्यावी, कारण जुनं रबर इथेनॉलमध्ये फुगतं आणि भेगाळतं.