गाळणीवर राहिलेले महाविषाणू

१९९२ साली इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डमध्ये न्यूमोनियाची साथ आली. तिचा माग काढताना एका कूलिंग टॉवरच्या पाण्यातल्या अमीबात बारीक गोल कण दिसले. जिवाणू ओळखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ग्रॅम रंजनात ते जिवाणूंसारखे रंगले, म्हणून नावही पडलं ‘ब्रॅडफर्डकॉकस’. पण प्रत्येक जिवाणूत असायलाच हवं असं १६-एस रायबोसोमल आरएनएचं जनुक काही केल्या मिळेना. अखेर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली विषाणूंमध्ये आढळणारं वीस पृष्ठांचं कवच दिसलं आणि २००३ मध्ये जाहीर झालं, की हा विषाणू आहे: मिमीव्हायरस.

असे विषाणू हुकले ते गाळणीमुळे. नमुना साधारण ०.२ मायक्रॉन छिद्रांतून गाळायचा आणि खाली उतरलेल्या द्रवात विषाणू शोधायचे, ही रूढ पद्धत. मिमीव्हायरसचं नुसतं कवचच ०.४ मायक्रॉनच्या पुढे, म्हणजे तो गाळणीवरच राहणार.

त्याच्या जीनोममध्ये, म्हणजे संपूर्ण जनुकीय साठ्यात, सुमारे १२ लाख बेसजोड्या (डीएनएची ‘अक्षरं’) आणि ९०० हून अधिक जनुकं निघाली. त्यांत प्रथिनं बनवताना टी-आरएनएला (अमिनो आम्ल वाहून नेणाऱ्या रेणूला) अमिनो आम्ल जोडणाऱ्या विकरांचीही काही होती. प्रथिनांचं सगळं काम यजमान पेशीकडून करून घेणाऱ्याला ही कशाला हवीत? हा एखाद्या लोप पावलेल्या पेशीचा झिजलेला वंशज असावा, जिवाणू, आर्किया (जिवाणूंसारखे दिसणारे, पण वेगळ्या वंशाचे एकपेशीय जीव) आणि पेशीत केंद्रक असलेले आपल्यासारखे जीव यांच्या जोडीला जीवसृष्टीची चौथी शाखाच, असं काहींनी मांडलं.

हे तपासता येतं. प्रत्येक जनुकाचा वेगळा वंशवृक्ष काढायचा. वारसा एकाच पेशीचा असेल तर सगळी जनुकं साधारण एकाच जागी फुटायला हवीत. २०१७ मध्ये ऑस्ट्रियातल्या क्लोस्टरनॉयबर्गच्या सांडपाण्यातून क्लोस्नूव्हायरसचा जीनोम जुळवला गेला. त्यात २० पैकी १९ अमिनो आम्लांची विकरं होती, पण त्यांची जनुकं वृक्षावर विखुरलेली, वेगवेगळ्या यजमानांच्या शेजारी. म्हणजे वेळोवेळी उचललेली. शिवाय विषाणूंची जनुकं झपाट्याने बदलतात, त्यामुळे वृक्षावर त्यांच्या फांद्या लांब होतात. अशा लांब फांद्या गणितात चुकून बुंध्याकडे ओढल्या जातात आणि जनुक आहे त्याहून प्राचीन भासतं. ‘चौथी शाखा’ बरीचशी यातूनच उगवली, असं मला वाटतं.

हे विषाणू दुर्मीळही नाहीत. आयआयटी मुंबईच्या संशोधकांना त्यांच्या खुणा मुंबईचं सांडपाणी, तलाव आणि नळाच्या पाण्यातही मिळाल्या.

आकार नंतर वाढला असला, तरी विषाणू स्वतः फार जुने असावेत. जिवाणूंचा पीआरडी-१, माणसातला ॲडिनोव्हायरस आणि यलोस्टोनच्या उकळत्या झऱ्यातल्या आर्कियांचा एक विषाणू, या तिघांच्या कवचाच्या प्रथिनाची घडी सारखीच आहे. जनुकांच्या अक्षरक्रमात मात्र साम्य जवळजवळ उरलेलं नाही. जिवाणू, आर्किया आणि आपण वेगळे होण्याआधीच ही घडी अस्तित्वात होती, हे त्याचं सर्वांत सरळ स्पष्टीकरण.