भोवरा (यामिकी)

भोवरा : जाळीने (गुंडाळलेल्या दोरीने) फिरवायचे लाकडी खेळणे; यामिकीत (बल व गतीच्या शास्त्रात), अक्षाच्या टोकावर टेकून फिरणारा सममित दृढ पदार्थ. हडप्पा येथील भाजक्या मातीच्या काही वस्तू भोवरे मानल्या जातात. अशा प्राचीन वस्तूंत भोवरा कोणता नि तकलीची चकती कोणती, याबद्दल मतभेद संभवतो. आरपार भोक नसून टोक झिजलेले असल्यास भोवरा मानणे अधिक सयुक्तिक.

जाळी आरेपासून (भोवऱ्याच्या टोकाच्या खिळ्यापासून) वर गुंडाळतात, म्हणून सुटताना आधी रुंद भागावरून सुटते. तेथे भुजा (अक्षापासूनचे अंतर) मोठी असल्याने परिबल (फिरवणारा जोर, टॉर्क) जास्त मिळते. पुढे त्रिज्या घटते तसा वेग वाढतो. वेढ्यावर वेढा चढला की जाळी अडकते आणि भोवरा आडवा पडतो.

कललेल्या भोवऱ्यावर गुरुत्वाचे परिबल अक्षाला काटकोनात असते. त्यामुळे कोनीय संवेगाचे (फिरण्याच्या संवेगाचे) परिमाण न बदलता दिशा बदलते व अक्ष शंकूवरून फिरतो (परांचन). 50 ग्रॅम वस्तुमानाचा, 2.5 सेंमी. त्रिज्येचा भरीव गोल आणि आरेच्या टोकापासून 3 सेंमी. उंचीवर गुरुत्वमध्य धरल्यास, सेकंदाला 50 फेऱ्यांच्या वेगात परांचन सेकंदाला सुमारे 0.6 फेरी येते. फिरकी मंदावते तसे ते वाढते. हाच भोवरा सरळ उभा स्थिर राहण्यास सेकंदाला सुमारे 23 फेऱ्या तरी लागतात. त्याखाली तो डुलू लागतो.

तिरका पडलेला भोवरा उभा का होतो, हा प्रश्न बराच काळ चर्चेत होता. सममित भोवऱ्याच्या गतीचे समीकरणरूप विवेचन साधारणतः गणितज्ञ लाग्रांझ यांच्या नावे ओळखले जाते. पण त्यात टोक स्थिर बिंदू मानलेले असल्याने घर्षण येत नाही, आणि घर्षणाशिवाय अक्ष कायमचा उभा होत नाही. जेलेट (1872) आणि नंतर क्लाइन व झोमरफेल्ट यांनी घर्षण विचारात घेतले. आज हेच मत ग्राह्य धरावे : गोलसर आर अक्षाबाहेरच्या बिंदूवर टेकते, तेथे ती घसरते, आणि त्या घर्षणाचे परिबल अक्ष वर उचलते. म्हणूनच बोथट आरेचा भोवरा लवकर उभा राहतो, तर सुईसारख्या आरेचा बराच वेळ तिरकाच घुमतो. टणक फरशीवर आर भटकते. मऊ मातीत रुतून तिची फिरकी लवकर संपते.

आर मध्यावर न बसल्यास गुरुत्वमध्य फिरण्याच्या अक्षाबाहेर जातो आणि भोवरा थरथरतो. आर ठोकून सरळ करावी. तरीही थरथर राहिल्यास जड बाजूचे लाकूड थोडे घासावे.