स्लॅपडॅश

स्लॅपडॅश हा इंग्रजी शब्द घाईगडबडीत, नीट लक्ष न देता उरकलेल्या कामाला वापरतात आणि तसं काम करायच्या पद्धतीलाही. गोव्यात इंग्रजी पेपर वाचणाऱ्या घरांत तो ओळखीचा आहे, त्यामुळे अर्थावर फार वेळ घालवत नाही. चवथीच्या आदल्या रात्री हॉलला मारलेला रंग आठवा, स्विचबोर्डाच्या कडेवर फराटा, ब्रशचे दोन केस भिंतीलाच चिकटलेले आणि गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या माटोळीच्या मागे कोण बघतंय म्हणून जुना निळा रंग तसाच ठेवलेला. मराठीत याला सगळ्यात जवळचा शब्द घिसाडघाई. थातूरमातूर पण चालेल, मात्र त्यात घाई असतेच असं नाही, आरामात चहा पीत पीतही थातूरमातूर काम करता येतं.

शब्द कुठून आला यावर मात्र बरंच बोलता येईल. स्लॅप आणि डॅश असे दोन तुकडे तर उघडच दिसतात. स्लॅप म्हणजे चापट, तो बहुधा लो जर्मनमधल्या स्लापं या आवाजावरूनच झालेल्या शब्दातून आला असावा. डॅश म्हणजे आपटणं, जोरात फेकणं, त्याचं मूळ स्कँडिनेव्हियन भाषांकडे दाखवतात, स्वीडिशमध्ये डास्का म्हणजे मारणं. म्हणजे दोन्हीकडे आवाजच आहे, आपल्या धपाधप किंवा फटाफटसारखा. छापील वापराचा सगळ्यात जुना पुरावा इंग्रजी कवी-नाटककार जॉन ड्रायडनच्या 'द काइंड कीपर' या नाटकात आहे असं सांगतात आणि कोशांत साल पडतं १६७९. आता नाटक रंगमंचावर आलं १६७८ मध्ये आणि छापील प्रतीवर साल १६८०, त्यामुळे 'सतराव्या शतकाचं आठवं दशक' एवढंच म्हटलेलं बरं. तिथे तो क्रियाविशेषण आहे, नोट्स झटकन उतरवून काढल्या अशा अर्थाने. नाटक तीन प्रयोगांत बंद पडलं, शब्द मात्र टिकला. 'निष्काळजी' या अर्थाचं विशेषण त्यानंतर साधारण शंभर वर्षांनी दिसायला लागतं.

दुसरं मत गवंडीकामाचं. ब्रिटनमध्ये वाळू, चुना आणि बारीक खडी कालवून तो ओला माल थापीने भिंतीवर फेकतात, आपल्याकडचे कॉन्ट्रॅक्टर ज्याला रफकास्ट म्हणतात तोच प्रकार, स्कॉटलंडमध्ये त्याला हार्लिंग म्हणतात. या गिलाव्यालाही स्लॅपडॅश म्हणायचे, म्हणून कुणाला वाटतं की शब्द मुळात भिंतीचाच आणि बेफिकिरीचा अर्थ मागाहून आला. ऐकायला छान आहे, पण गिलाव्याच्या अर्थाचे पुरावे अठराव्या शतकाच्या शेवटाकडचे, म्हणजे ड्रायडननंतरचे. त्यामुळे गिलाव्याला नाव शब्दावरून मिळालं असं धरणं जास्त सोपं जातं.

शिवाय ते काम निष्काळजीपणाचं नाहीच. चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या भिंतीवर गवंड्याला रफकास्ट मारताना उभं राहून बघितलं की कळतं. आधीचा थर खरवडलेला असतो, भिंत पाणी मारून ओली केलेली, आणि मग मनगटाला एक झटका, थापीवरचा माल पसरून बसतो, फट्ट असा एकच आवाज येतो, खाली सांडतं ते अगदी थोडं. जोरात फेकल्यामुळे माल चिऱ्याच्या भोकांत घट्ट बसतो, हाताने नुसता लावला तर तसा बसत नाही. घाई असते ती आपल्याकडच्या मालातल्या सिमेंटमुळे, ते आवळायला लागण्याआधी किमान ३० मिनिटं मिळावीत असं आपलं भारतीय मानक सांगतं, उन्हात तेवढीही पुरत नाहीत. तेव्हा हात भराभर चालणार, त्याला घिसाडघाई म्हणणं अन्याय आहे. जूनच्या तोंडावर उरकलेला आणि पहिल्या पावसात पोपडे सुटलेला गिलावा, तो खरा स्लॅपडॅश.

घिसाडघाईचा संबंध फिरत्या लोहारकाम करणाऱ्या घिसाडी समाजाशी जोडतात. नुसत्या उच्चाराच्या सारखेपणावर एका समाजाच्या माथी घाई मारू नये असं वाटतं.

स्लिपशॉड या शब्दाशी गल्लत बरेचजण करतात. तो सोळाव्या शतकातला, मूळ अर्थ पायात सैल सपाता घातलेला. शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'मध्ये विदूषक राजाला म्हणतो की तुझ्या अकलेला सपाता घालून फिरायची पाळी येणार नाही, तिथे अजून पायताणच आहे, गबाळेपणाचा अर्थ एकोणिसाव्या शतकातला. त्यात घाई नाही, ढिलाई आहे, मराठीत ढिसाळ म्हटलं की झालं.