माल, कचरा आणि एक पांढरा दाणा

समुद्रातल्या प्लास्टिकचा विषय निघाला की फेकलेल्या बाटल्या आणि पिशव्या डोळ्यांसमोर येतात. पण समुद्रात जाणाऱ्या काही प्लास्टिकची अजून बाटलीच झालेली नसते. पाइप, बादली, पिशवी यांपैकी काहीही होण्याआधी प्लास्टिक कारखान्यातून दाण्यांच्या रूपात निघतं. दोन ते पाच मिलिमीटरचा, दुधी पांढरा, किंचित चपटा दाणा. बोटांच्या चिमटीत धरला तर सटकतो. वजन जेमतेम 20 ते 25 मिलिग्रॅम. म्हणजे 25 किलोच्या एका गोणीत दहा लाखांवर दाणे, आणि एका कंटेनरमध्ये अशा हजारभर गोण्या. डिसेंबर 2023 मध्ये पोर्तुगालजवळ ‘टोकोनाओ’ जहाजावरून असा एक कंटेनर पडला आणि स्पेनच्या गॅलिसियातले लोक पुढे कितीतरी दिवस गाळण्या घेऊन वाळू चाळत बसले.

मे 2021 मध्ये कोलंबोजवळ ‘एक्स-प्रेस पर्ल’ पेटलं आणि जूनमध्ये बुडालं, तेव्हा सुमारे 1,680 टन दाणे पाण्यात गेले. त्याच जहाजावर नायट्रिक आम्लाचा एक गळका कंटेनर होता. तो उतरवून घ्यायला कतारच्या हमाद आणि गुजरातच्या हजिरा बंदरांनी नकार दिला होता. जहाजवाहतुकीच्या जागतिक नियमांत आम्ल हा ‘धोकादायक माल’ आहे. त्याची कागदपत्रं वेगळी, लेबल वेगळं, ठेवण्याची जागाही ठरलेली. दाणे मात्र साधा माल. या सगळ्या प्रकरणात मला हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण समुद्रात पडल्यावर रसायनशास्त्र वेगळंच सांगतं.

आम्ल सांडलं तर आसपासचे जीव होरपळतात, यात शंका नाही. पण समुद्राचं पाणी किंचित अल्कधर्मी असतं. त्यातली बायकार्बोनेटं आम्ल उदासीन करतात, लाटा उरलेलं पातळ करून टाकतात. दाणा नेमकं उलटं काम करतो. समुद्राने पातळ केलेलं विष तो पुन्हा गोळा करतो.

असे दाणे अनेकदा पॉलिथिलीन या प्लास्टिकचे असतात. पॉलिथिलीन म्हणजे कार्बन आणि हायड्रोजनची लांबच लांब साखळी. तिच्यात विद्युतभार कुठे एकवटलेला नसतो, म्हणून ती पाण्यात मिसळत नाही. तिची जात तेलाची. डीडीटी हे कीटकनाशक आणि पूर्वी विद्युत उपकरणांत वापरली जाणारी पीसीबी ही वर्षानुवर्षं न विघटणारी रसायनंही त्याच जातीची. समुद्राच्या पाण्यात ती अत्यल्प असतात आणि तिथे त्यांना करमत नाही, असं म्हणायला हरकत नाही. दाणा भेटला की हे रेणू त्याला चिकटतात. त्याला अधिशोषण म्हणतात. पण ते पृष्ठभागावर थांबत नाहीत. दाण्यातल्या साखळ्या काही ठिकाणी स्फटिकासारख्या शिस्तीत रचलेल्या असतात, तर बाकी ठिकाणी त्यांचा गुंता असतो. ज्या तापमानाखाली प्लास्टिक काचेसारखं ताठ होतं, त्याला काचसंक्रमण तापमान म्हणतात. पॉलिथिलीनचं ते शून्याखाली शंभर अंशांच्या आसपास आहे. त्यामुळे समुद्राच्या तापमानाला हा गुंता रबरासारखा सैल राहतो, साखळ्या सतत वळवळत असतात, आणि त्यांच्या फटींतून रेणू आत शिरतात. पॉलिस्टायरीनचं, म्हणजे थर्माकोलच्या प्लास्टिकचं, हेच तापमान शून्याच्या वर शंभर अंशांच्या घरात, म्हणून ते काचेसारखं ताठ असतं आणि त्यात ही आत शिरण्याची क्रिया फार मंद चालते.

2001 मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी पॉलिप्रॉपिलीन या पॉलिथिलीनच्याच जातीच्या प्लास्टिकचे कोरे दाणे सहा दिवस समुद्रात ठेवून पाहिले. दाण्यांतलं पीसीबीचं प्रमाण सहाही दिवस वाढतच गेलं. किनाऱ्यावर सापडलेल्या जुन्या दाण्यांत तर या रसायनांची तीव्रता आसपासच्या पाण्याच्या दहा लाख पटींपर्यंत पोचलेली होती. त्यात पॉलिथिलीनची घनता 0.91 ते 0.97 आणि समुद्राच्या पाण्याची 1.025. त्यामुळे दाणा तरंगतो आणि माशांना, पक्ष्यांना वरच्या थरातच सापडतो.

‘प्लास्टिक खाणारा जिवाणू’ सापडला, आता चिंता मिटली, असे संदेश अधूनमधून फिरतात. 2016 मध्ये जपानमध्ये सापडलेला तो जिवाणू पीईटी हे बाटल्यांचं प्लास्टिक पचवतो, कारण पीईटीत तोडण्याजोगे एस्टर बंध असतात. पॉलिथिलीनच्या साखळीत ते नाहीत. कृपा करून ते संदेश पुढे पाठवू नका.

आता कायद्याकडे. जहाजांमुळे होणारं प्रदूषण रोखण्यासाठीच्या मार्पोल करारानुसार 1988 च्या अखेरीपासून जहाजावरून प्लास्टिकचा कचरा समुद्रात टाकायला बंदी आहे, पण अपघाताने सांडलेला माल तिच्या कचाट्यात येत नाही. घातक कचऱ्याच्या देशोदेशींच्या वाहतुकीवरच्या बाझल करारातली प्लास्टिकची नवी कलमं 1 जानेवारी 2021 पासून लागू झाली, तीही कचऱ्याच्या व्यापारासाठी. दाणा हा विकत घेतलेला, कोरा, उपयोगी माल. तो दोन्हींतून निसटतो.

भरपाईचंही तेच. टँकरच्या तेलगळतीसाठी 1969 मध्ये खास करार झाला, कारण 1967 मध्ये ‘टॉरी कॅन्यन’ हा तेलाचा टँकर फुटून इंग्लंडचा किनारा काळा झाला होता. दाण्यांसाठी असा करार नाही. मग जहाजमालकाच्या जबाबदारीची सर्वसाधारण मर्यादा लागते, आणि ती नुकसानीवरून न ठरता जहाजाच्या टनेजवरून, म्हणजे आकारमानावरून, ठरते. लंडनच्या न्यायालयाने 2023 मध्ये ‘एक्स-प्रेस पर्ल’साठी ही मर्यादा सुमारे 1.9 कोटी पाउंड धरली. श्रीलंकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये भरपाई ठरवली ती 100 कोटी डॉलर. एकाच जहाजाचे हे दोन आकडे.

2024 मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने दाण्यांसाठी सूचना काढल्या: गोण्या मजबूत हव्यात, कंटेनरमध्ये काय आहे ते स्पष्ट कळवावं, आणि ते शक्यतो डेकखाली ठेवावेत. या सूचना पाळणं ऐच्छिक आहे. पुढच्याच वर्षी, मे 2025 मध्ये, केरळजवळ ‘एमएससी एल्सा 3’ बुडालं आणि तिरुवनंतपुरमच्या वाळूत पांढरे दाणे दिसू लागले.