स्वतःहून सूर लावणारी गिटार : पार्श्वभूमी

अकूस्टिक गिटारवर स्वयंचलित ट्यूनिंगची यंत्रणा असावी की नसावी, या वादाला आजचे रूप आले ते मुख्यतः 2007 ते 2018 या काळात. त्याआधीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. 1970 च्या दशकात हातात धरता येणारे, काट्याचे इलेक्ट्रॉनिक ट्यूनर आले. 1990 च्या दशकात हेडस्टॉकला, म्हणजे खुंट्या बसवलेल्या गिटारच्या टोकाला, चिमट्यासारखे लावायचे आणि आवाजाऐवजी लाकडाची कंपने वाचणारे ट्यूनर आले. गोंगाटातही तारेचा सूर अचूक ओळखण्याचा प्रश्न तिथेच बहुतांशी सुटला होता. खुंटी फिरवायची कोणी आणि किती वेळात, एवढाच प्रश्न उरला होता.

रंगमंचावर हा प्रश्न बोचतो तो वेगवेगळ्या ट्यूनिंगमध्ये वाजवणाऱ्यांना. नेहमीच्या ट्यूनिंगमधून डी-ए-डी-जी-ए-डी या ट्यूनिंगकडे जायचे म्हणजे सहावी, दुसरी आणि पहिली अशा तीन तारा एकेका पूर्ण स्वराने उतरवायच्या. एक स्वर उतरवताना त्या तारेवरचा ताण सुमारे 21 टक्क्यांनी घटतो. हलक्या जाडीच्या संचात सहा तारांचा मिळून ताण 70 किलोच्या आसपास असतो. त्यातला सुमारे सात किलो एकदम कमी झाला की गिटारची मान, म्हणजे तारा दाबायचा लांब दांडा, किंचित सरळ होते, पुढची पातळ फळी थोडी खाली बसते आणि ज्यांना हातही लावलेला नाही त्या मधल्या तीन तारा चढतात. त्या उतरवाव्यात तर आधी लावलेल्या तीन तारा पुन्हा हलतात. अकूस्टिक गिटारची फळी मुद्दाम हलकी आणि लवचीक ठेवलेली असते, कारण आवाज तिच्यातूनच येतो, आणि म्हणून हा परिणाम भरीव लाकडाच्या इलेक्ट्रिक गिटारपेक्षा तिच्यात अधिक जाणवतो. ज्या वाद्याला या यंत्रणेची गरज सर्वाधिक, त्याच वाद्यात ती बसवणे सर्वाधिक अवघड आहे, आणि पुढचा सगळा इतिहास या अडचणीभोवती फिरतो.

1980 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत तयार झालेल्या एका यंत्रणेने ही अडचण नेमकी ओळखली होती. तिच्यात गिटारच्या पोटात बसवलेल्या मोटारी तारा ब्रिजच्या, म्हणजे गिटारच्या पोटावर तारा जिथे टेकतात त्या, बाजूने ओढत असत. एका तारेच्या बदलाचा इतर तारांवर काय परिणाम होतो, हे आधीच मोजून साठवलेले असल्यामुळे प्रत्येक मोटार किती सरकवायची याचा हिशेब यंत्राकडे तयार असे आणि तार वाजत असतानाही ट्यूनिंग बदलता येई. माझ्या मते रंगमंचाच्या दृष्टीने याहून योग्य विचार पुढे क्वचितच झाला. मात्र त्यासाठी गिटारचे शरीर बरेच कोरावे लागे. भरीव लाकडात ते चालून गेले. पोकळ अकूस्टिक गिटारचा आवाजच ज्या पोकळीतून घडतो, तिथे मोटारींना जागा करून देणे परवडणारे नव्हते.

2007 साली बाजारात आलेली जर्मन बनावटीची यंत्रणा वेगळ्या मार्गाने गेली. तिने मोटारी थेट खुंट्यांमध्ये नेल्या. वादकाने सर्व तारा एकदा छेडायच्या, यंत्राने प्रत्येक तारेचा सूर ऐकायचा, खुंट्या फिरवायच्या आणि सूर लागेपर्यंत हेच पुन्हा करायचे, अशी तिची पद्धत होती. पुढे तिची सुटसुटीत आवृत्ती आली. ती हेडस्टॉकच्या मागे, लाकडाला नवे छिद्र न पाडता बसत असे आणि अनेक अकूस्टिक गिटारींवरही लावता येत असे. तरीही ऐकून सुधारणाऱ्या यंत्राला वाजणारी तार आणि काही क्षणांची उसंत लागतेच. दोन गाण्यांच्या मध्ये ते जमते, गाण्याच्या आत नाही. शिवाय तार नटच्या, म्हणजे मानेच्या टोकाशी तारांना आधार देणाऱ्या पट्टीच्या, खाचेत अडकत असेल तर मोटार खुंटी फिरवते, सूर जागचा हलत नाही आणि मग अडकलेली तार एकदम सुटून सूर भलतीकडे जातो. हाताने सूर लावणारा वादक तार खालून वर आणतो, बोटाने किंचित ओढून तिचा ढिलेपणा काढतो. नटची खाच नीट नसेल तर यंत्राला ही कसर भरून काढता येत नाही.

या पार्श्वभूमीवर 2015 चा निर्णय पाहावा लागतो. एका जुन्या अमेरिकी गिटार कंपनीने त्या वर्षीच्या बहुतेक इलेक्ट्रिक मॉडेलवर ही यंत्रणा सरसकट बसवली. तोपर्यंत ती हवी त्याने घ्यायची सोय होती. आता नको असलेल्यालाही ती गिटारबरोबर घ्यावी लागू लागली. त्याच वर्षी मानेची रुंदी वाढवली गेली, नेहमीच्या नटऐवजी उंची बदलता येणारा पितळी नट आला आणि किमतीही वाढल्या. कंपनीची बाजू अशी मांडता येते की सुरात नसलेली गिटार हीच नवशिक्याची पहिली अडचण असते आणि मोठ्या संख्येने बसवल्याशिवाय कोणतीही यंत्रणा स्वस्त होत नाही. यात तथ्य आहे. पण ज्या वादकाने वर्षानुवर्षे एका विशिष्ट वजनाची, विशिष्ट मानेची गिटार हाताळली, त्याला निवड न देता बॅटरीवर चालणाऱ्या खुंट्या देणे हा त्याच्या हाताचा अनादर होता. अनेकांनी त्या काढून साध्या खुंट्या लावल्या. 2016 च्या मॉडेलपासून पारंपरिक खुंट्यांचा पर्याय परत आला, यंत्रणा बनवणाऱ्यांशी असलेला व्यवहार न्यायालयात गेला आणि 2018 मध्ये गिटार कंपनीने दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला. त्या अर्जामागे इतर व्यवसायांतले कर्जही होते, त्यामुळे सगळे खापर खुंट्यांवर फोडणे बरोबर नाही. तरीही या सक्तीने यंत्रणेचे नाव खराब झाले आणि ज्या अकूस्टिक वादकांना ती खरोखर उपयोगी पडली असती, तेही तिच्याकडे संशयाने पाहू लागले.

दुसरा मार्ग तारेला हात न लावण्याचा होता. 1990 च्या दशकाच्या मध्यापासून प्रत्येक तारेचा संकेत वेगळा घेऊन त्याचा सूर इलेक्ट्रॉनिक पद्धतीने बदलणारी उपकरणे मिळू लागली आणि असंख्य ट्यूनिंग वापरणाऱ्या काही नामवंत गायक-वादकांना त्यांनी मोठा दिलासा दिला. क्षणात बदल, तारेवर ताण नाही, तुटण्याची भीती नाही. अकूस्टिक गिटारला मात्र स्वतःचा आवाज असतो. स्पीकरमधून एक सूर आणि छातीशी धरलेल्या गिटारमधून दुसरा, असे दोन्ही एकाच वेळी कानावर पडले की वादकाचा तोल जातो. लहान सभागृहात पुढच्या रांगेलाही ते ऐकू येते. म्हणून हा मार्ग मोठ्या आवाजाच्या कार्यक्रमांत आणि जवळजवळ मूक बांधणीच्या गिटारींवरच टिकला.

2014 च्या सुमारास मिळू लागलेले हातातले मोटारयुक्त साधन या दोन्हींच्या मधले आहे. ते खुंटीवर धरायचे, तार छेडायची, फिरवण्याचे काम मोटार करते. पहिल्या आवृत्तीत सूर ओळखण्यासाठी फोनचा मायक्रोफोन लागे आणि आजूबाजूचा आवाज आड येई. नंतरच्या आवृत्त्या खुंटीतून येणारी कंपने वाचू लागल्या, तेव्हा रंगमंचावर त्यांचा खरा उपयोग सुरू झाला. गिटारचे वजन वाढत नाही, लाकडाला धक्का लागत नाही आणि नको असेल तेव्हा साधन पिशवीत ठेवता येते. मात्र एका वेळी एकच तार लावता येते, त्यामुळे मधल्या तारा चढण्याची अडचण आहे तशीच आहे आणि दुसरी फेरी वादकालाच मारावी लागते.